पटत नसेल तर सोडा

२०२५ च्या ऑगस्टमधली सकाळ. धावून झालं होतं आणि आम्ही महालक्ष्मी तलावाच्या काठावर घाम पुसत उभे होतो. तेव्हा माझा एक मित्र जे बोलला, त्याचा काटा माझ्या मनातून अजून निघालेला नाही. मित्र माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये उमेदीची वर्षं काढून तो आमच्या पेठ वडगावला परतला, आणि माझ्या दुप्पट वाचतो. म्हणाला, "सर, हत्तिणीसाठी सिम बदललं, म्हणून काय झालं? लोक एका कंपनीच्या दारातून उठले आणि दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन बसले. याला बंड म्हणत नाहीत. आणि कुणी बांधून घातलंय का मुळात? पटत नसेल तर सोडा की!"

पुढे हिवाळ्यातल्या एका व्याख्यानात त्यानं हेच व्यासपीठावरून सांगितलं आणि एक उपमाही जोडली. तंत्रज्ञान इमानी कुत्र्यासारखं आहे, दोरी शेवटी आपल्याच हातात असते. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो आणि गप्प बसलो. त्या दिवसांत माझ्या हातात खरोखरची दोरी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चार महिन्यांचं पिल्लू होतं. दोरी हातात असणं म्हणजे काय, ते मला रोज नव्यानं कळत होतं. तेव्हा जे सुचलं नाही ते आता लिहितो आहे.

आधी त्या हत्तिणीबद्दल. नांदणी शिरोळ तालुक्यात, आमच्या हातकणंगले तालुक्याला लागून. तिथल्या जैन मठात महादेवी, लोकांच्या तोंडी माधुरी, तीन दशकांहून अधिक काळ होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि महिना सरायच्या आत तिला नेण्यात आलं. वनतारा रिलायन्स समूहाशी जोडलेलं, जिओही त्याच समूहाची. लोकांनी दोन्हींची सांगड घातली आणि जिल्हाभर सिम बदलायची लाट उठली. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. दोन लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. मी गेली नऊ वर्षं धावतो, म्हणून मला त्या आकड्याचं वजन कळतं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. ज्यांनी आयुष्यात कधी धावण्याचा बूट पायात घातला नाही, ती माणसं त्याहून जास्त अंतर चालली.

मित्राला यातलं फक्त सिम दिसलं.

आता पिल्लाविषयी. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला भादोले रस्त्याच्या कडेला ऊसतोड चालू होती. फड निम्मा तुटला होता आणि एका सरीत पाचटाखाली ते पिल्लू कुईकुई करत होतं. आई दिसली नाही. दोन दिवस वाट पाहून मी ते घरी आणलं. सरीत सापडलं म्हणून नातीनं नाव ठेवलं सरी. अंगानं गावठी, पण पाय लांब आणि छाती खोल. यात्रेतल्या श्वानशर्यतींचा नाद असलेला एक शेजारी तिला निरखून म्हणाला, "कारवानाचं रक्त हाय गुरुजी, पळंल बघा." मला केवढा आनंद झाला! माझ्या डोक्यात लगेच आम्ही दोघं वाठारच्या फाट्यापर्यंत जाऊन परत येऊ लागलो. जनावरांच्या डॉक्टरांनी तो बेत मोडला. वाढती हाडं आहेत, वर्षभर लांब पळवायचं नाही, चालवा.

म्हणून मी चालू लागलो. आणि ती बसू लागली. दर वीस पावलांवर काही तरी हुंगायचं असतं. शेण, बांधावरचं घाणेरीचं झुडूप, मुंगसाची वाट, ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं. पटलं नाही की ती मागचे पाय रोवून खाली बसते. ओढावं तर गळ्याला काचतं, म्हणून मी थांबतो. पहिल्या महिन्यात तिनं माझ्या मनगटी घड्याळाचा पट्टा चावून तोडला. ते घड्याळ माझ्या हृदयाचे ठोके, पावलं, झोप आणि वेग मोजून कुठल्याशा दूरच्या यंत्राकडे पाठवत असे. नवा पट्टा येईपर्यंत मी तीन आठवडे बिनमोजणीचा हिंडलो. घड्याळाचं ॲप रोज विचारायचं, आज कुठे आहात? तुमची सलग दिवसांची साखळी तुटली. गटातले तिघे तुमच्या पुढे गेले. आमच्या धावणाऱ्यांच्या गटातही कुजबुज होती. ज्याची नोंद नाही ते धावणं गटाच्या हिशेबात धरलं जात नाही.

मी चिडलो आणि मित्राचं वाक्य स्वतःलाच म्हणून दाखवलं, पटत नसेल तर सोड. सोडायला बसलो. खात्याच्या सेटिंगमध्ये पाच-सहा पायऱ्या खाली उतरल्यावर माझी सगळी माहिती एका फाईलीत मिळाली. नऊ वर्षांची धावणी, रस्त्यांचे आलेख, तारखा. पण त्या फाईलीत माणसं नव्हती. सातारच्या डोंगरावरची हाफ मॅरेथॉन पुरी केली त्या दिवशी ज्यांनी शाबासकी दिली, आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा धावलो तेव्हा ज्यांनी दोन शब्द लिहिले, ते सगळं मागेच राहणार होतं. माहिती निघाली, संबंध निघाले नाहीत. या अनुभवानं मला एका जुन्या पुस्तकाकडे परत नेलं. त्यावर थोडं जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मित्राचं वाक्य त्या पुस्तकानं पन्नास वर्षांपूर्वीच तपासून ठेवलं आहे.

पुस्तक अल्बर्ट हर्शमन यांचं, १९७० सालचं. नावात तीन शब्द आहेत. मी त्यांना मराठीत सोडणं, बोलणं आणि इमान म्हणतो. हर्शमन बर्लिनमध्ये १९१५ साली जन्मले. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी देश सोडला. पुढे मार्सेय बंदरात नाझींपासून पळणाऱ्या लेखक-कलावंतांना गुपचूप सीमेपार करण्याच्या कामात ते होते, आणि शेवटी स्वतः पायी पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरले. सोडणं म्हणजे काय हे ज्याच्या पायांना ठाऊक होतं, अशा माणसानं हे पुस्तक लिहिलं आहे. तरी त्यात सोडण्याची भलावण नाही, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

त्यांना कोडं पडलं नायजेरियात. उत्तरेतला भुईमूग हजारभर किलोमीटर दूरच्या बंदरांवर नेण्यासाठी रेल्वे होती आणि तिच्याशी ट्रकांची स्पर्धा होती. अर्थशास्त्राची शिकवण सांगते की स्पर्धा आली की सेवा सुधारते. रेल्वे सुधारली नाही, उलट बिघडत गेली. का? ज्या व्यापाऱ्यांना खराब सेवा सोसवत नव्हती, जे आरडाओरडा करून अधिकाऱ्यांना हलवू शकले असते, नेमके तेच पहिल्यांदा ट्रकांकडे गेले. मागे राहिले ते गप्प बसणारे. तोटा सरकारी तिजोरी भरून काढत होती, म्हणून गेलेल्यांची झळ रेल्वेला बसली नाही आणि राहिलेल्यांचा आवाज उठला नाही. दार उघडं होतं, आणि त्या उघड्या दारानंच आतली सगळी हवा काढून घेतली.

हर्शमन म्हणतात त्याचा गाभा असा. बिघडत चाललेल्या संस्थेला ताळ्यावर आणायच्या दोन वाटा आहेत. सोडून जाणं ही बाजाराची वाट, बोलणं ही राजकारणाची. पहिली स्वच्छ, मुकी आणि एकट्यानं चालायची. दुसरी किचकट, वेळखाऊ आणि चारचौघांत चालायची. एकामुळे दुसरी कमजोर होऊ शकते. पण सोडून जाऊ ही धमकी खरी असेल, तर बोलण्याला धार येते. आणि इमान? इमानामुळे माणूस दारापर्यंत जाऊन क्षणभर थांबतो आणि एकदा बोलून बघू म्हणतो. हर्शमनच्या लेखी इमान म्हणजे आंधळी भक्ती नव्हे. सोडणं लांबवून बोलण्याला वेळ मिळवून देणारी ती शक्ती आहे. हे वाचल्यावर मला मित्राची चूक नेमकी दिसली. 'पटत नसेल तर सोडा' म्हणणारा माणूस बोलण्याची वाट मोजतच नाही. तो आपल्याला नागरिकपणातून काढून गिऱ्हाईकाच्या बाकावर बसवतो.

नांदणीच्या लोकांनी दोन्ही वाटा एकत्र धरल्या. ते सोडून गेले, पण नायजेरियातल्या व्यापाऱ्यांसारखे मुकाट नव्हे. का सोडतो ते सांगत गेले, नंबर पोर्ट केल्याचे संदेश एकमेकांना दाखवत गेले आणि चालतही गेले. पदयात्रेनंतर तीनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, वनतारानं निवेदन काढलं. आपण न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वागलो असं सांगून नांदणी परिसरात हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली. ते पुरेसं होतं का, हा वेगळा वाद आहे. पण देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एकाला आठवड्याभरात एका तालुक्याशी बोलावं लागलं. हे 'दुसऱ्या दारात जाऊन बसलेल्यांनी' घडवलं.

सोडण्यातली ही ताकद आपल्या मुलखाला नवी नाही. मराठेशाहीत जुलूम असह्य झाला की रयत गाव सोडून परागंदा होई. जमिनी पडत, वसुली बुडे आणि मग सरकारला कौल द्यावा लागे. परत या, पहिली वर्षं सारा हलका, पुढे इस्ताव्यानं चढत्या दरानं, असं अभयपत्र. पेठ वसवायची तरी व्यापाऱ्यांना कौल देऊनच. जकातीत सूट, जुलमापासून हमी. सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आमच्या गावात आहे. तिच्याजवळून पळताना मला नेहमी वाटतं, तलवारीच्या त्या काळातही सत्तेला माणसांना बोलवावं लागत होतं, कारण माणसं उठून जाऊ शकत होती. आमच्या गावाच्या नावातल्या 'पेठ' या शब्दात तो करार आहे.

मग आज कोल्हापूर जिल्ह्याला उठून जाता आलं ते कशामुळे? कंपनीच्या भलेपणामुळे नव्हे. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा हक्क देशभर मिळाला, म्हणून. १९०० वर एक संदेश पाठवून कोड घ्यायचा आणि तो नव्या कंपनीला द्यायचा, बस्स. तो हक्क नसता तर ऑगस्टमध्ये प्रत्येकाला आपला नंबर गमवावा लागला असता. बँक, गॅस, मुलांची शाळा, दूध संघ, सगळीकडे नवा नंबर कळवत बसावं लागलं असतं, आणि लाट पहिल्याच दिवशी ओसरली असती. माझ्या मित्राला जो उघडा दरवाजा निसर्गदत्त वाटतो, तो कायद्यानं चौकट बसवून, बिजागऱ्या ठोकून तयार केलेला आहे. जिथे असा दरवाजा केलेला नाही तिथे 'सोडा' म्हणणं म्हणजे भिंतीकडे बोट दाखवणं.

संदेशांच्या ॲपला असा दरवाजा नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नव्या अटी आणल्या तेव्हा अनेकांनी दुसरीकडे खाती उघडली. बहुतेकांना परत यावं लागलं, कारण भाऊबंद, भिशी आणि सोसायटीचा ग्रुप तिथेच होता. त्याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. आक्षेपाचा गाभा हाच होता की घ्या, नाहीतर जा, असं म्हणणं ही निवड नव्हे. आणि कायदा करायची वेळ आली तेव्हा आपण काय केलं? वैयक्तिक माहितीच्या २०१९ च्या विधेयकात आपली माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. फोन नंबरासाठी आपण जे दार केलं, तेच माहितीच्या भिंतीत करायचं टाळलं. त्या वेळी यावर रस्त्यावर कुणी आलं नाही. मीही नाही. मी तेव्हा वेग मोजत पळत होतो.

बाहेर पडूनही काही गोष्टी सुटत नाहीत. धावणाऱ्यांच्या स्ट्राव्हा या ॲपनं नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावण्याचा एक चमकता नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत लोकांच्या ध्यानात आलं की ओसाड वाळवंटात दिसणाऱ्या त्या उजळ रेघा सैनिकी तळांभोवतीच्या आहेत. एकेकट्या जवानानं काहीच उघड केलं नव्हतं, तो सकाळी पळाला होता एवढंच. सगळ्यांची पावलं एकत्र केल्यावर जे दिसलं ते कुणा एकाचं गुपित नव्हतं, म्हणून एकेकट्याच्या संमतीनं ते राखताही आलं नसतं. काही विमा कंपन्या पावलांच्या मोजणीवर हप्त्यात सवलत देतात. आज ती सवलत आहे. सगळे मोजून घेऊ लागले की न मोजणारा संशयित ठरेल. मी ॲप सोडलं तरी त्या हिशेबातून मी सुटत नाही.

इथवर लिहून झालं तेव्हा मला वाटलं, मित्राला उत्तर मिळालं. दारं करा आणि दारात उभं राहून बोला. लेखाची ही पानं मी टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सरीला ऑपरेशनसाठी घेऊन गेलो.

सात महिन्यांची झाली होती, नसबंदी करायची होती. ती शेपूट हलवत रिक्षात चढली. दवाखान्याच्या टेबलावर मी तिचं डोकं धरलं आणि ती माझा हात चाटत राहिली. संध्याकाळी गुंगीतून उठली तेव्हा पोटाला टाके होते आणि गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा. रात्रभर ती कण्हत होती आणि मी जवळ बसून होतो. निर्णय योग्य होता, आजही मी तोच घेईन. पण त्या रात्री माझ्या सगळ्या मांडणीला भोक पडलं. सरीला पोर्ट करता येत नाही. तिला सह्यांची मोहीम काढता येत नाही. ती माझ्यावर जे इमान ठेवते ते हर्शमनच्या व्याख्येत बसत नाही, कारण जाण्याची सोयच नसताना राहणं याला इमान म्हणावं तरी कसं? आणि मला आठवलं की तिला 'बस' शिकवताना मी बिस्किट दर वेळी देत नव्हतो. कधी द्यायचं, कधी नाही. अनिश्चित बक्षिसानं सवय जास्त घट्ट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर दाखवून दिलं आहे. फोनचा पडदा खाली ओढून आपण काही नवं आलंय का ते पाहतो, ती सवय याच रीतीनं लावलेली आहे. ज्या युक्तीबद्दल मी कंपन्यांना दोष देत होतो, ती मी माझ्या अंगणात प्रेमानं वापरत होतो.

मग महादेवी? मी पदयात्रेचं एवढं कौतुक केलं, पण तिच्या पायांच्या जखमा, सांधेदुखी आणि एकटेपण यांवर न्यायालयापुढे जे आलं, ते मी घाईघाईनं वाचून बाजूला सारलं होतं. लोकांची माया खरी होती, हे मी मागे घेत नाही. पण सोडणं आणि बोलणं ही दोन्ही हत्यारं लोकांच्या हाती होती. तिच्या हाती एकही नव्हतं. मठानं तिला विचारलं नव्हतं, जामनगरला नेणाऱ्यांनीही नाही. माझ्या मांडणीत तिला जागाच नव्हती. आणि आज यंत्रांच्या सत्तेखाली असणाऱ्यांत तिच्यासारखे किती तरी आहेत. शाळेनं सांगितलेल्या ॲपवर ज्यांची सगळी माहिती भरली गेली ती मुलं. बोटाचे ठसे झिजल्यामुळे रेशनच्या यंत्रानं नाकारलेली म्हातारी. त्यांना सोडता येत नाही, आणि बोलायला समोर माणूस नाही.

महाभारताच्या सुरुवातीलाच एक कुत्री बोलते, हे फारसं कुणी आठवत नाही. जनमेजयाचं यज्ञसत्र चालू असतं. सरमा नावाच्या त्या कुत्रीचं पिल्लू तिथे येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. त्यानं हवनाकडे पाहिलं नव्हतं, चाटलं नव्हतं. सरमा सत्राच्या सभेत येऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारलं? कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजाला पश्चात्ताप नव्हे, धास्ती वाटते आणि तो शांतीसाठी पुरोहित शोधत हिंडतो. मला या कथेत शापापेक्षा ती सभेतली शांतता भयंकर वाटते. प्रश्न साधा होता. तो ऐकणारे सगळे शक्तिमान होते. तक्रार क्रमांक मिळतो आणि पुढे कुणीच बोलत नाही, तेव्हा मला ती सभा आठवते.

आणि महाभारत संपत येतं तेही कुत्र्यापाशी. इंद्र रथ घेऊन उभा आहे. त्याचं म्हणणं, कुत्रा सोड आणि चल. सोडणं इतकं सोपं कुणालाच कधी नव्हतं, बदल्यात स्वर्ग होता. युधिष्ठिर नकार देतो. लहानपणापासून मला ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगितली गेली, कुत्र्याच्या निष्ठेची. आता ती वेगळी दिसते. इथे इमान वरच्यानं खालच्याशी राखलं आहे. ज्याला सोडून जाता येतं तो, ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी, थांबला आहे. पण त्याच वाटेवर द्रौपदी पडली तेव्हा हाच युधिष्ठिर मागे वळला नव्हता, भाऊ एकेक करून पडले तेव्हाही नाही. ती गाठ मला सुटत नाही. शेवटी एकटं उरल्यावर तरी त्याला थांबणं कळलं असेल का? की जो मागत नाही, रडत नाही, फक्त मागून येत राहतो, त्याच्यापुढेच माणूस हरतो?

एवढं मात्र मला आता ठामपणे वाटतं. ज्यांना जाता येतं त्यांच्यासाठी दारं पुरेत. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यावर सत्ता चालवणाऱ्याला जवळ राहावं लागतं. रात्री कण्हणं ऐकू येईल इतकं जवळ. मी सरीवर जी सत्ता चालवतो ती कंपन्यांच्या सत्तेपेक्षा सौम्य नाही, उलट पुरी आहे. फरक असलाच तर तो इतकाच की तिला लागलं तर ते मला दिसतं आणि तिनं दात लावले तर मला लागतं. ज्या सत्तेला असं काहीच दिसत नाही आणि लागत नाही, तिला ते दिसावं आणि लागावं अशी व्यवस्था कायद्यानं करावी लागेल. रेशनच्या यंत्रापाशी ठसा जुळला नाही तर धान्य देऊन सही घेण्याचा अधिकार असलेला माणूस उभा हवा. मुलांची माहिती घेणाऱ्या कंपनीला पालकांच्या सभेत येऊन उत्तर देणं भाग पडलं पाहिजे. हे मी पूर्वी म्हटलं नसतं. मी 'दार उघडा' एवढंच म्हणत होतो.

मित्राला हे सगळं सांगितलं, परवाच. सोमवार होता, बाजाराचा दिवस. शेळ्या-मेंढ्यांनी भरलेले टेम्पो रस्त्यानं येत होते. तो म्हणाला, "सर, मग घड्याळ टाकून दिलंत का?" नाही. नवा पट्टा बसवून ते कपाटात ठेवलं आहे. कधी कधी काढतो, कारण आईच्या तेराव्यानंतरचं ते धावणं अजून तिथेच आहे, आणि ते कुणाकडे आहे याचा मला राग येतो. "मग माझं चुकलं कुठं?" त्यानं विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरी मागचे पाय रोवून खाली बसली. टेम्पोतून एक करडू डोकं बाहेर काढून ओरडत होतं आणि ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. मित्राचं धावणं अर्ध्यावर होतं, त्याच्या मनगटावर आकडे पळत होते. त्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"थांबू या," तो म्हणाला, "तिचं होऊ दे."